सत्यसुधारक आणि इतर पाट्या

गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलची गोष्ट आपल्यापर्यंत येते ती नेहमी चहाच्या कपातून. दर २६ जूनला, शाहू महाराजांच्या जयंतीला, ती फोनवर फिरते. राजवाड्याच्या पागेतला नोकर. मराठ्यांसाठी राखलेल्या हौदाला शिवला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्याला धडा शिकवला आणि गंगारामांना नोकरीऐवजी स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर हॉटेल निघालं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवू लागले आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले.

गोष्ट खरी आहे आणि पुन्हा पुन्हा सांगावी अशीच आहे. माझी तक्रार कॅमेऱ्याबद्दल आहे. तो सारखा महाराजांच्या हातातल्या कपावर रोखलेला असतो. गंगाराम किटली घेऊन कोपऱ्यात उभे, आणि हॉटेलची पाटी तर फ्रेमच्या बाहेरच. हॉटेलला नाव होतं, हेसुद्धा अनेक जण सांगायचं विसरतात.

नाव होतं ‘सत्यसुधारक’.

इथे कवितासंग्रहांची, कादंबऱ्यांची परीक्षणं येतात. मी आज एका शब्दाचं लिहितेय. कोल्हापुरात खाण्यापिण्याच्या जागांवर जेवढी नावं रंगवली गेली, त्यांत हे मला सगळ्यांत धीट वाटतं. का, ते सांगायला थोडं इंग्लंडात जाऊन यावं लागेल. अशा पाट्या वाचायची सवय तिथल्या लोकांना आपल्यापेक्षा जुनी आहे.

१३९३ साली, दुसऱ्या रिचर्डच्या काळात, तिथे कायदा झाला की एल गाळून विकणाऱ्याने दाराबाहेर खूण टांगलीच पाहिजे. दारू तपासणाऱ्याला दुकान सापडायला हवं आणि गिऱ्हाइकालाही. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून खूण म्हणजे चित्र. आता चित्र काढायचं कशाचं? राजाचं कुलचिन्ह, किंवा ज्या सरदाराच्या जमिनीवर आपली सराई उभी आहे त्याचं. रिचर्डचं स्वतःचं चिन्ह पांढरं हरीण. ‘व्हाइट हार्ट’ नावाचे पब आजही गावोगाव आहेत. ‘रेड लायन’, ‘क्राउन’, ‘किंग्ज हेड’ ही सगळी त्याच घराण्यातली. चॉसरचे यात्रेकरू कँटरबरीला निघण्याआधी ज्या सराईत जमतात तिचं नाव ‘टॅबर्ड’, म्हणजे राजदूताचा कुलचिन्ह असलेला बिनबाह्यांचा अंगरखा. १६५१ मध्ये लढाई हरलेला दुसरा चार्ल्स ओकच्या झाडात लपून वाचला. पुढे तो राजा झाल्यावर ‘रॉयल ओक’ची लाट आली.

मला आवडणारी गोष्ट रानडुकराची आहे. तिसऱ्या रिचर्डचं चिन्ह पांढरं रानडुक्कर. १४८५ मध्ये तो बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला. सांगतात की त्यानंतर बऱ्याच सराईवाल्यांनी रातोरात आपलं पांढरं डुक्कर निळं केलं, कारण निळं डुक्कर जिंकलेल्या बाजूच्या ऑक्सफर्डच्या अर्लचं होतं. एक डबा रंग, आणि निष्ठा बदलली.

आपल्याकडे कुलचिन्हाच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे देवक. पण देवक लग्नात पूजतात, दुकानावर रंगवत नाहीत. इंग्रजी पाटी मात्र उघड सांगते की हा सराईवाला कुणाच्या छत्राखाली आहे.

आता कोल्हापूर. इथेही छत्र होतं आणि पाट्याही होत्या. १८९६ मध्ये राजाराम कॉलेजला जोडून सगळ्यांसाठी काढलेल्या वसतिगृहात ब्राह्मणेतर मुलं टिकली नाहीत. एका पंगतीत जेवणार कोण, इथेच सगळं अडत होतं. म्हणून शाहू महाराजांनी जातवार बोर्डिंगांना हात दिला. त्यांची नावं ओळीने वाचून बघा: व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग, दोन्ही १९०१ची, मग मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ साली निघालेलं मिस क्लार्क बोर्डिंग, मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीच्या नावाचं. शिकारीत गेलेल्या धाकट्या राजपुत्राच्या नावाने प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग. या पाट्यांवर मुकुट आहे, किंवा जात आहे. ‘व्हिक्टोरिया मराठा’त तर दोन्ही शेजारी बसलेत. या बोर्डिंगांनी हजारो पोरं शिकवली, त्याबद्दल वादच नाही. मी फक्त पाटी वाचतेय: कोण दिलं आणि कोण जेवणार, एवढं ती चोख सांगते.

बाजारातल्या पाट्यांना तर मुकुटाचीही गरज नव्हती. ‘ब्राह्मणांची खानावळ’, ‘मराठा खानावळ’, ‘हिंदू हॉटेल’ अशी नावं महाराष्ट्रभर होती. ती पदार्थांबद्दल थोडं आणि शेजारी कोण बसेल याबद्दल जास्त बोलायची.

अशा शहरात ‘सत्यसुधारक’. शब्द उघडून बघा. ‘सत्य’ म्हटलं की इथल्या माणसाला जोतीराव फुल्यांचा १८७३चा सत्यशोधक समाज आठवणार. कोल्हापुरात त्याचं काम १९११ पासून नव्याने उभं राहिलं होतं. ‘सुधारक’ म्हटलं की आगरकरांचं १८८८चं पुण्यातलं पत्र. एकोणिसाव्या शतकातल्या या दोन वाटा, एक बहुजनांची आणि एक शिकलेल्या पांढरपेशांची, एकमेकींकडे बऱ्याचदा पाठ करून चालल्या. त्या चहाच्या हॉटेलच्या पाटीवर एकत्र आल्या. हे ठरवून झालं असं माझं म्हणणं नाही. शब्द हवेत असतात, माणूस ते उचलतो. व्याकरणात हा समास जरा अडखळतो. खरा सुधारक, की सत्यालाच सुधारणारा? मला दुसरा अर्थ जास्त आवडतो. कारण त्या काळी अस्पृश्याच्या हातचा चहा बाटलेला असतो, हे लोकांना सत्यच वाटत होतं.

या नावात काय नाही, तेही बघायला हवं. राजाच्या मदतीने काढलेलं हॉटेल, राजा स्वतः येऊन चहा पितोय, म्हणजे इंग्रज सराईवाल्याने डोळे मिटून ‘किंग्ज हेड’ रंगवलं असतं. इथे ‘शाहू विलास’ किंवा ‘छत्रपती’ असं काही सहज शोभलं असतं, आणि त्याचा ढालीसारखा उपयोगही झाला असता. पाटीवर राजा नाही. अंबाबाई नाही, जात नाही, आडनावही नाही. तिथे एक म्हणणं आहे.

धंद्याच्या हिशेबाने नाव वाईटच म्हणायचं. चहा पिताना कुणाला सुधारायचं असतं? पण त्यामुळेच ते गिऱ्हाइकाला मोकळं सोडत नाही. ‘रेड लायन’मध्ये शिरताना तुम्हाला सिंहाबद्दल काहीच वाटण्याची गरज नसते. ‘सत्यसुधारक’ची पायरी चढलात की भाऊसिंगजी रोडवरून जाणाऱ्या प्रत्येकाला तुमचं मत कळलं. सप्टेंबर १९१९ मध्ये महाराजांनी हुकूम काढला की सरकारी इमारती, धर्मशाळा, पाणवठे, सार्वजनिक विहिरी अशा ठिकाणी शिवाशिव मानायची नाही. हुकूम मोडला तर शिक्षा करता येते. पण एखाद्याने समोरून जाऊनही चहा घेतला नाही, तर त्याला कुठला हुकूम लावणार? तिथे कपाइतकंच पाटीचं काम होतं.

आता हायवेवर या. पुणे-बेंगळुरू रस्त्याला कोल्हापूर जवळ आलं की कुलचिन्हांचा पाऊस सुरू होतो: आडव्या तलवारी, ढाल, जिरेटोप, पिळदार मिशा. ‘सरकार’, ‘दरबार’, ‘राजवाडा’, ‘पाटीलवाडा’. यांतल्या कुणाची जमीन कुठल्या सरदाराकडून आलेली नाही, बहुतेकांची बँकेच्या कर्जातून आलीय. रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस खरोखर राजघराण्याने १९३०च्या दशकात बांधला, राजकन्येच्या नावाने, आणि नंतर त्याचं हॉटेल झालं. त्याची पाटी निदान खरं बोलते.

अशा एका ‘सरकार’च्या मालकांना मी विचारलं, हेच नाव का? ते म्हणाले, “ताई, गिऱ्हाईक आत आलं की ‘या सरकार’ म्हणता येतंय की!” उत्तर फार चांगलं आहे. इंग्रजी पाटीवरचा राजा पाटीवरच राहतो. इथे तो खाली उतरतो आणि तांबडा-पांढरा ओरपणाऱ्या ट्रक ड्रायव्हरच्या डोक्यावर जिरेटोप ठेवतो. घटकाभर का होईना, प्रत्येक जण सरकार. या पाट्यांना नुसतं हसून सोडून देणाऱ्यांशी म्हणूनच माझं पटत नाही.

पण मग मी शहरातल्या पाट्या वाचते. कोल्हापूरची मिसळ गल्लीच्या, नाहीतर आडनावाच्या नावाने ओळखली जाते. फडतरे, चोरगे ही आडनावं आता चवीची नावं झालीत. मटणाच्या खानावळींवरही पाटील, देशमुख दिसतात. त्यात त्या मालकांचा काही दोष नाही, आडनाव चालतं म्हणून ते लावतात. कांबळे हे या जिल्ह्यात पावलोपावली भेटणारं आडनाव आहे. शाळेच्या हजेरीत, एसटीच्या कंडक्टरच्या बिल्ल्यावर, नगरसेवकाच्या बॅनरवर मी ते वाचत आलेय. मिसळीच्या किंवा मटणाच्या पाटीवर मला ते अजून वाचायला मिळालेलं नाही.