कंबरदुखी, सुया आणि पायाळू माणूस

भाताची लावणी आटोपत आली की महाड-पोलादपूरकडे कंबरेच्या तक्रारी वाढतात. दिवसभर चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या बाईच्या कंबरेत उसण भरते आणि मग पायाळू माणसाचा शोध सुरू होतो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने दुखऱ्या जागी पाय लावला की उसण जाते, असा समज आहे. शिकलेला माणूस या समजाला हसतो. पण कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घेतो आणि ‘मला गुण आला’ असे सांगतो. आमच्या मते दोन्ही दाव्यांना कसोटी एकच लावली पाहिजे.

‘गुण आला’ हे विधान सहसा खोटे नसते. प्रश्न असतो तो कशामुळे आला हा. उसण बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप उतरते. शिवाय दुखणे असह्य झाले की माणूस उपचार शोधतो. त्यानंतर काहीही केले तरी ते कमी होण्याचीच शक्यता अधिक. त्यात लावणी संपून कंबरेला विसावाही मिळालेला असतो. श्रेय मात्र सर्वांत शेवटी जे केले त्याला जाते.

मग परीक्षा कशी घ्यावी? पायाळूपुरते उत्तर नववीच्या वर्गालाही सुचेल. उसण भरलेल्यांची चिठ्ठ्या टाकून तीन गटांत वाटणी करावी. एका गटाला पायाळूने पाय लावावा, दुसऱ्याला साध्या माणसाने, तिसऱ्याला कोणीच नाही. पालथे झोपलेल्याला पाय कोणाचा हे कळता कामा नये. पहिले दोन गट सारखेच सुधारले, तर पायाळूपणाला महत्त्व उरत नाही.

जर्मनीत सुयांबाबत जवळजवळ हेच केले गेले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सरासरी आठ वर्षे कंबरदुखी असलेले ११६२ रुग्ण होते. ३८७ जणांना चिनी शास्त्रात सांगितलेल्या बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्या ३८७ जणांना त्या बिंदूंपासून दूर आणि वरवर टोचल्या. आपल्या सुया कोणत्या, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. उरलेल्या ३८८ जणांना औषधे, व्यायाम असे नेहमीचे उपचार मिळाले. सुया अर्धा-अर्धा तास, साधारण दहा वेळा दिल्या. सहा महिन्यांनी सुधारलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के भरले.

हे आकडे अर्धवट वाचण्याची खोड दोन्ही पक्षांना आहे. समर्थक पहिला आणि तिसरा आकडा सांगतात आणि ‘दुप्पट गुण’ म्हणतात. विरोधक पहिला आणि दुसरा आकडा दाखवून ‘सगळे थोतांड’ म्हणतात. तिसऱ्या गटाकडे नीट पाहा. वर्षानुवर्षे नेहमीचे उपचार घेऊन कंटाळलेल्यांच्या वाट्याला पुन्हा तेच आले, आणि हे त्यांना माहीत होते. वेदनेचे माप रुग्णाच्या सांगण्यावरच असते. निराश माणूस गुण कमीच सांगणार. म्हणून सगळा फरक सुयांच्या खात्यावर जमा करता येत नाही.

दुसरीकडे, ४४.२ म्हणजे शून्य नव्हे. शांत पडून राहणे, आपुलकीची विचारपूस, बरे होण्याची अपेक्षा, नुसते टोचणे, यांतून मिळालेला आराम हा आरामच. ढासळते ते बिंदूंचे आणि ‘ची’ नावाची शक्ती वाहून नेणाऱ्या वाहिन्यांचे शास्त्र. अमेरिकेत २००९ साली ६३८ रुग्णांवरील चाचणीत एका गटाला टूथपिक नुसत्या टेकवल्या, कातडीला भोकही पाडले नाही; तरी तो गट सुया घेणाऱ्यांइतकाच सुधारला.

अशा चाचण्या परदेशातच होतात असे नाही. महाडला डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशाच्या ७० रुग्णांचे दोन गट केले. एकाला प्राझोसिन हे औषध दिले, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ३५ पैकी ८ होते, दुसऱ्यात ३५ पैकी ३२. हे काम २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. येथे खोटे प्रतिविष दिले नव्हते. कोणाला काय मिळाले हे सर्वांना माहीत होते. तरी निष्कर्षाला वजन आहे, कारण फरक प्रचंड होता आणि विंचवाच्या विषाची लक्षणे डॉक्टरला बाहेरून तपासता येतात. कंबरदुखीत फरक लहान आणि माप रुग्णाच्या तोंडी, म्हणून खोट्या सुयांच्या गटावाचून चालत नाही.

महाराष्ट्राने अ‍ॅक्युपंक्चरसाठी कायदा केला आहे. पण सुया कोणी टोचाव्यात एवढेच कायदा ठरवू शकतो. त्या का लागू पडतात हे नाही. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून दहा वेळा महाड गाठायचे म्हणजे दहा दिवसांची मजुरी आणि एस.टी.चे भाडे. ते खर्चण्याआधी त्या बाईला खरे सांगायला हवे: आराम पडेल कदाचित, पण तो ठरावीक बिंदूंमुळे नव्हे, आणि झेपेल तेवढी हालचाल व साधे व्यायाम घरीही करता येतात. मात्र पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, ताप येऊ लागला किंवा वजन घटू लागले, तर पायाळू नको आणि सुयाही नकोत; तडक डॉक्टरकडे जावे. मणक्याचा क्षयही कंबरदुखीच्या रूपाने येतो.

शिक्षकांकडे सल्ला मागायला गाव येते. ‘किती जणांना गुण आला?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. ‘कोणाच्या तुलनेत?’ हा प्रश्न विचारायची सवय आपल्या विद्यार्थ्यांना लावली, तर पायाळूपासून टूथपिकपर्यंत सगळ्यांची परीक्षा तेच घेतील.