मरण कोणते? – ‘स्मृतिचित्रे’च्या निमित्ताने

निषिद्ध फळ खाशील त्या दिवशी मरशील, असे परमेश्वराने आदामला बजावले होते. आदामने ते फळ खाल्ले, आणि तरीही तो जगला. उत्पत्तीच्या पुस्तकानुसार त्याचे एकंदर आयुष्य ९३० वर्षांचे होते. मग त्या दिवशी मेले ते काय? ख्रिस्तसभेची शिकवण अशी, की आदामचे देवाशी असलेले नाते त्या दिवशी तुटले. आध्यात्मिक मृत्यू तो हाच. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथही प्राणघातक पापाविषयी हेच सांगतो, की ते माणसाच्या अंतःकरणातील प्रीती नष्ट करते.

आदामच्या पतनाची कथा फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराणा’त (१६१६) मराठी ओवीत आणली. पण हे मरण आणि त्यातून उठणे चारचौघांच्या संसारात कसे असते, हे जाणण्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडेच वळावे लागते. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. सातपूरच्या वाचकाला त्यांची कथा शेजारघरची वाटावी. टिळक दाम्पत्य प्रॉटेस्टंट पंथाचे होते, म्हणून आपण या ग्रंथाला परके मानू नये.

१८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तत्कालीन समाजाच्या लेखी धर्मांतरित माणूस पंक्तीतून उठला, म्हणजे जिवंतपणीच गेला. पती हयात असून लक्ष्मीबाईंच्या वाट्याला वियोगाची वर्षे आली. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. मग एके दिवशी विचार करता करता त्यांना उमगले, की जाती देवाने नव्हे, माणसाने केल्या आहेत. यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. लेखिका येथे धर्मशास्त्र मांडत नाही. स्वतःच्या वेडेपणाला हसत, साध्या बोलीत ती घडलेले सांगते. तरीही संत योहानाच्या पहिल्या पत्राचा आशय या प्रसंगात मूर्त होतो: जो प्रीती करीत नाही, तो मरणातच राहतो. समाजाने ज्याला मृत ठरवले तो मेला नव्हता. मरण होते ते माणसामाणसांतील भिंतीत.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप परतलेल्या मुलाविषयी म्हणतो, की हा मेला होता, तो पुन्हा जिवंत झाला. पण थोरला भाऊ दाराबाहेरच थांबतो. तो कधी घर सोडून गेला नाही, त्याने आज्ञा मोडली नाही. तरी भावाला भाऊ म्हणण्यास त्याची जीभ वळत नाही. आपणही नियमाने मिस्साला जातो, आणि वेगळ्या वाटेने गेलेल्या मुलाचे किंवा मुलीचे नाव घरात घेत नाही. अशा वेळी मेले कोण, हा प्रश्न ‘स्मृतिचित्रे’ वाचून मिटल्यावरही मागे उरतो. प्रायश्चित्त संस्काराला जाण्यापूर्वी तो प्रत्येकाने स्वतःला विचारावा.