सामान्यनाम, विशेषनाम आणि रानपिंगळा

१८७३ साली ह्यूमने शास्त्रीय वर्णन केलेला, परंतु १८८४ नंतर खात्रीलायक नोंद न झालेला एक पिंगळा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, पॅमेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना पुन्हा आढळला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. या पक्ष्याच्या 'फॉरेस्ट आउलेट' या नावाची आद्याक्षरे मोठी लिहावीत की लहान, याविषयी इंग्रजीत एकमत नाही. पक्षिशास्त्रीय सूच्या ती मोठी लिहितात, वृत्तपत्रे बहुधा लहान. लहान अक्षरांत 'रानात राहणारा कोणताही पिंगळा' असा अर्थ संभवतो, हा मोठ्या अक्षराच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद होय.

देवनागरीत मोठे अक्षर नाही. म्हणून मराठीपुढे हा प्रश्नच नाही, असे मात्र नव्हे. इंग्रजी जे आद्याक्षराने साधते ते मराठी समासाने साधते. साधा पिंगळा रानात दिसला तर तो 'रानातला पिंगळा' ठरतो, 'रानपिंगळा' नव्हे. त्यामुळे 'रान पिंगळा' असे तोडून छापल्यास केवळ शुद्धलेखनाचा नियम मोडत नाही, नावाचे नावपणच ढिले होते.

समासाची ही सोय सर्वत्र नाही. 'राखी बगळा' हे एका जातीचे नाव आहे. परंतु कोकण किनाऱ्यावरचा समुद्री बगळाही गडद राखी असू शकतो. तेथे वर्णन अभिप्रेत असल्यास 'राखी रंगाचा बगळा' असे लिहिण्याची शिस्त लेखकानेच पाळावयास हवी.

या शिस्तीऐवजी 'फॉरेस्ट आउलेट' तसेच ठेवण्याचा मार्ग अनेकदा पत्करला जातो. लिप्यंतरित नाव मराठी वाक्यात मोठ्या अक्षराचेच काम करते. परकेपणामुळे ते नेमके भासते. मात्र पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्यापर्यंत पोहोचणारा अर्थविस्तार त्यात गमावला जातो.

व्याकरणाची साक्षही विचारात घ्यावी लागेल. 'रानपिंगळा' अनेकवचनात 'रानपिंगळे' होतो. तो सामान्यनामच आहे. मोठे अक्षर त्याला विशेषनामाचा वेश देते, आणि हा वेश सूचिकाराच्या गरजेतून आलेला असतो. ललित कृतीच्या अनुवादकाने म्हणून मुळातील आद्याक्षराचे अनुकरण करण्याचा प्रयत्न न करता, लेखक तेथे जात सांगतो आहे की पक्ष्याचे वर्णन करतो आहे, एवढे ठरवावे. मराठीत त्या निर्णयाचे उत्तर दोन शब्द जोडण्यात किंवा सुटे ठेवण्यात मिळते.