उकळीच्या अलीकडे

माचाचा डबा उघडल्यावर लगेच चमचा पुढे करू नये. क्षणभर त्या रंगाकडे नुसते पाहत राहावे. श्रावणातल्या भातखाचरांनी आपल्या डोळ्यांना हिरव्याच्या अनेक छटा शिकवलेल्या असतात, तरी हा हिरवा त्या ओळखीत सहजी बसत नाही. त्यात पिवळेपणाची झाक नाही, उन्हात रापल्याची खूण नाही. तो दाट आहे, ओलसर भासणारा आहे आणि आतून उजळलेला आहे. हा रंग खरोखरच जपलेला असतो. जपानात क्योतोच्या दक्षिणेकडील उजी परिसरात वसंतात चहाच्या झुडपांना नवी पालवी फुटली, की खुडणीआधीचे तीन-चार आठवडे मळ्यांवर आच्छादन घालतात. जुन्या रीतीत त्यासाठी बोरूच्या तट्ट्या आणि त्यांवर पसरलेला भाताचा पेंढा वापरीत. प्रकाशाला आसुसलेले पान मग स्वतःत अधिक हरितद्रव्य साठवते. मुळांत तयार होऊन पानांत चढणारे थिअनिन नावाचे अमिनो आम्ल एरवी उन्हात तुरट कॅटेचिनांकडे वळले असते. सावलीत ते बरेचसे तसेच राहते आणि जिभेला एक खोल, मुरलेली मधुरता देते. म्हणजे जो रंग आपण डोळ्यांनी पाहतो आणि जी गोडी पुढे घोटातून कळते, ती दोन्ही एकाच सावलीची देणगी आहे.

खुडलेली पाने लगेच वाफवतात, न वळता वाळवतात आणि त्यांतल्या शिरा व देठ काढून टाकतात. उरलेल्या नाजूक पर्णखंडांना तेनचा म्हणतात, आणि तेच दगडी जात्यातून दळले की माचा होतो. हे जाते संथ फिरते. तासाभरात त्यातून जेमतेम ४० ग्रॅम भुकटी उतरते. घाई केली तर घर्षणाची ऊब वाढते, आणि उबेबरोबर गंध उडून जातो. आधी उन्हापासून आणि मग जात्याच्या उष्णतेपासून इतक्या निगुतीने सांभाळलेले हे पान आपल्या स्वयंपाकघरात येते, तेव्हा त्याला खळखळत्या आधणात लोटून देण्याचे धाडस आपल्याला होऊ नये.

आणि नेमके इथेच फळ-मसाल्याच्या ऊन माचाचे आकर्षण आहे. आले, वेलदोडा आणि चहापूड एकाच पातेल्यात उकळून, रंग उतरेपर्यंत वाट पाहण्याची आपली सवय पिढ्यांची आहे. मसाल्याला ती मानवते, फळालाही मानवते. माचा मात्र उकळीच्या अलीकडेच खुलतो. फळ आणि मसाला घालून ऊन माचा करायचा, म्हणजे उष्णतेशी वेगवेगळे नाते असणाऱ्या या दोघांना आपापला अवकाश देऊन नेमक्या क्षणी एकत्र आणायचे. या पेयाची सारी कला त्या एका क्षणात साठलेली आहे.

आधी फळ निवडू या. मन चटकन लिंबाकडे किंवा संत्र्याच्या रसाकडे धावते, पण त्याला थोडे आवरावे. आम्ल आणि उष्णता एकत्र आली, की हरितद्रव्यातले मॅग्नेशियम सुटून जाते आणि तो तेजस्वी हिरवा मळकट, शेवाळी होतो. पालेभाजीत चिंच घातल्यावर तिचा रंग उतरताना आपण रोजच पाहतो. म्हणून फळ असे हवे, की ज्याच्यात गोडी आहे, सुगंध आहे, पण आंबटपणा मवाळ आहे. पिकलेले गोड सफरचंद या कसोटीला उतरते, आणि नाशपाती त्याहूनही सौम्य. सप्टेंबर-ऑक्टोबरात किन्नौरची करकरीत, रसाळ सफरचंदे बाजारात आली, की त्यांतले एक मध्यम आकाराचे घ्यावे, धुऊन सालासकट पातळ फोडी कराव्यात. साल टाकू नये, कारण सफरचंदाच्या सुवासाचा मोठा वाटा सालीच्या आसपास दडलेला असतो. शिवाय तांबड्या सालीमुळे अर्काला एक हलकी गुलाबी-सोनेरी कांती येते, ती वेगळीच.

मसाल्यांमध्ये दालचिनीला अग्रपूजेचा मान. बाजारात तिच्या नावाने दोन साली मिळतात. एक जाड, टणक, एकाच पदराची, चवीला तीव्र. दुसरी पातळ, ठिसूळ, पदरात पदर गुंडाळलेली, गोडसर आणि मऊ गंधाची. माचासाठी ही दुसरीच उचलावी, कारण तिला मागे राहून बोलता येते. आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ हा दालचिनीचा वाण दिला आहे, आणि नारळी-पोफळीच्या बागांत तिची झाडे छान वाढतात. तिकडची ताजी साल हाताशी असेल तर फारच उत्तम. दालचिनीची पूड मात्र घालू नये. ती पाण्यात विरघळत नाही, बुळबुळीत होते आणि माचाच्या रेशमी पोताला बिघडवते. आल्याच्या तीन-चार चकत्या फक्त ठेचाव्यात. किसले तर त्याचा चोथा आणि झणका दोन्ही अनावर होतात, आणि ठेचून मंद शिजवले तर तोच झणका घशाशी उबेसारखा पसरतो. लवंगा दोनच, कारण तिसरी लवंग जिभेला बधिर करून इतरांचे स्वर पुसून टाकते. वेलदोडा शेवटी, आच बंद केल्यावर. त्याचा सुगंध इतका चंचल असतो, की वाफेच्या हाती लागला तर तो घरभर दरवळतो आणि पेल्यात उरत नाही.

दोन पेल्यांसाठी ४०० मिलिलिटर पाणी, त्यात सफरचंदाच्या फोडी, दालचिनीचा बोटभर तुकडा, आले आणि लवंगा. एक उकळी आली, की आच मंद करावी, झाकण अर्धवट ठेवावे आणि पंधरा-वीस मिनिटे या पातेल्याच्या संगतीत राहावे. प्रथम आल्याचा उग्र वास पुढे येतो. मग त्याच्या खांद्यावरून दालचिनी डोकावते. सफरचंद सर्वांत उशिरा बोलते. पण एकदा बोलू लागले, की आले आणि लवंग यांच्या टोकदार कडा आपोआप गोलावतात आणि साऱ्या वासांचा एक वास होतो. फोडी पारदर्शक झाल्या, की वेलदोडा ठेचून टाकावा, झाकण घट्ट लावावे, पाच मिनिटांनी गाळावे. गाळताना फोडी दाबू नयेत. दाबल्या तर गर उतरून अर्क गढूळ होतो. जे सहज गळते तेवढेच घ्यावे. साधारण ३०० मिलिलिटर अर्क मिळतो, मधासारख्या रंगाचा, नितळ.

चहात फळ आणि मसाला मिसळणे ही आजच्या कॅफेची लहर आहे, असे वाटण्याचा संभव आहे. पण ही जोडी फार जुनी आहे. आठव्या शतकात चीनमधल्या लू यू याने चहावरचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला, त्याच्या काळात लोक चहात आले, बोरासारखी खजुरी फळे, संत्र्याची साल, पुदिना, कांद्याची पातसुद्धा घालून भरपूर उकळत. लू यूला हे मुळीच रुचले नाही, आणि अशा चहाला त्याने गटारात ओतण्याच्या पाण्याच्या पंक्तीला बसवले. त्याचा हा राग वाचताना मला तो शत्रूचा वाटत नाही, रसिकाचा वाटतो. कारण हाच माणूस पाण्याच्या उकळीकडे किती प्रेमाने पाहतो! पहिल्या उकळीत माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे आणि बारीकसा नाद. दुसरीत भांड्याच्या कडेने ओवल्यासारखे मोती. तिसरीत उसळत्या लाटा, आणि त्यापुढचे पाणी त्याच्या लेखी म्हातारे, पिण्याला अयोग्य. ज्याने पाण्याचे वय इतके बारकाईने ओळखले, त्याला शंभरदा उकळलेल्या त्या सरमिसळीत चहाच्या पानाचा जीव गुदमरलेला दिसला असणार. आपल्या पेयात फळ आणि मसाला वेगळे उकळतात आणि पानाला उकळीचा स्पर्शही होत नाही. लू यूची तक्रार मनाशी ठेवूनच आपण त्याने नाकारलेल्या जोडीला पुन्हा जवळ आणतो.

म्हणून गाळलेल्या अर्काला आता निवायला वेळ द्यावा. माचाला मानवणारी उष्णता ७० ते ८० अंश सेल्सिअस. तापमापक नसला तरी बिघडत नाही. ऊन द्रव एका भांड्यातून दुसऱ्या थंड भांड्यात ओतला, की दर ओतण्याला तो सुमारे १० अंशांनी उतरतो. दोन-तीनदा ओतावे. उसळणारी वाफ मंदावून संथ वळणे घेत वर जाऊ लागली, की वेळ झाली.

या मधल्या उसंतीत माचा चाळून घ्यावा. दर पेल्याला २ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. ही भुकटी इतकी सूक्ष्म असते, की तिचे कण एकमेकांना बिलगून गुठळ्या करतात, आणि पुढे कितीही घुसळले तरी त्या फुटत नाहीत. बारीक गाळणीतून चमच्याच्या पाठीने हलकेच उतरवली, की तळाशी हिरवा ढीग साचतो. त्यावर ४० मिलिलिटर कोमट-ऊन पाणी घालावे आणि चासेन हाती घ्यावा. बांबूच्या एकाच कांड्यातून शंभराच्या आसपास काड्या चिरून, वाकवून केलेले हे घुसळणे. नारा प्रांतातले ताकायामा गाव यासाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. वापरण्यापूर्वी काड्या ऊन पाण्यात भिजवाव्यात, म्हणजे त्या मोडत नाहीत. आपली रवी दोन तळहातांत गोल फिरते. चासेन मनगटातून पुढे-मागे, झपझप, तळाला न खरवडता चालतो. आधी मोठे बुडबुडे उठतात, मग ते फुटून लहान होतात, आणि शेवटी चासेन हळूच वर उचलला, की पृष्ठभागावर मलईसारखा दाट, फिकट पोपटी फेस राहतो. चासेन नसेल तर बॅटरीवरचा छोटा फ्रॉदरही हे काम करतो, फक्त हाताला मिळणारे ते सूक्ष्म कळणे, द्रव कधी जड होता आणि कधी हलका झाला, ते त्यात हरवते.

आता तो क्षण. निवलेला अर्क पेल्याच्या कडेने, बारीक धारेने सोडावा. सोनेरी धार हिरव्यात शिरते, खाली जाते, पुन्हा वळून वर येते, आणि फेस न मोडता पेला भरतो. रंग किंचित उबदार होतो, पण हिरवा हिरवाच राहतो. नाकाशी नेल्यावर आधी सफरचंद आणि दालचिनी भेटतात, आणि त्यांच्या मागे सावलीत वाढलेल्या पानाचा तो खास गंध, ज्यात समुद्रशेवाळाची खारट-ओली आठवण असते. पहिल्या घोटात फळाची गोडी जिभेच्या टोकावर येते. मग पान आपला कडसरपणा घेऊन मध्यावर उतरते. आले घशाशी थांबते. आणि सर्व ओसरल्यावर थिअनिनची ती मुरलेली मधुरता बराच वेळ रेंगाळते. साखरेची इथे गरज नसते. फळ फार पाणचट निघालेच, तर मधाचे चार थेंब. दूध मात्र नको. ताजे आले दूध नासवू शकते, फळाच्या आम्लाचीही तीच भीती, आणि ही सारी पारदर्शक बांधणी दुधाने झाकून जाते.

क्योतोत तांदळाच्या पिठाची, साखर आणि दालचिनी घातलेली यात्सुहाशी नावाची मिठाई असते, कडक भाजलेली किंवा मऊ, लुसलुशीत. चहाच्या बैठकीत गोड आधी खायचे आणि मग कडसर माचा प्यायचा, हा क्रम ठरलेला. म्हणजे तिथे दालचिनी आणि माचा मुखात भेटतात. आपण त्यांची भेट थोडी अलीकडे, पेल्यातच घडवून आणतो एवढेच. बाराव्या शतकाच्या अखेरीस एइसाइ हा भिक्षू चीनमधून चहाचे बी आणि भुकटी घुसळून पिण्याची रीत जपानात घेऊन आला, आणि १२११ साली त्याने चहाच्या आरोग्यगुणांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या दृष्टीने चहा हे आधी औषधच होते. आपला आल्या-दालचिनीचा काढाही औषधाच्या फडताळातूनच स्वयंपाकघरात आलेला. दोन औषधांनी एकमेकांना भेटून निखळ आनंद व्हावे, यात मला फार मोठी रसिकता दिसते.

या पेयाची आणखी एक मागणी आहे, आणि तीच मला सर्वांत प्रिय आहे. माचा पाण्यात विरघळत नाही, तो तरंगत राहतो. थोडा वेळ गेला, की तळाशी बसतो, फेस विरतो, रंग उतरतो. हे पेय थर्मासमध्ये भरून ठेवता येत नाही, पुन्हा तापवता येत नाही. अर्क सकाळीच करून ठेवावा, तो दिवसभर टिकतो आणि वेळेवर हलका ऊन करता येतो. पण भुकटीवर पाणी घालायचे ते पाहुणा समोर येऊन बसल्यावरच. करणाऱ्याने लगेच द्यावे, घेणाऱ्याने लगेच प्यावे, मध्येच पेला एकदा फिरवून तळाचा दाट हिरवा अंशही सोडू नये. येत्या थंडीत आपण कुणाला तरी घरी बोलवू या, सफरचंदाच्या फोडी मंद आचेवर ठेवू या, आणि ते येईपर्यंत डब्याचे झाकण बंदच असू द्या.