जुन्या फितींची स्वरूपनिश्चिती

जुन्या चुंबकीय फितीचे स्वरूप वेष्टनावरील नोंदीवरून ठरवून मजकूर उतरवू लागण्याचा प्रघात सदोष आहे. पोथीच्या पुष्पिकेप्रमाणे ही नोंदही पडताळूनच स्वीकारावी. निर्णायक प्रमाण फितीच्या आरंभीच शोधले पाहिजे. १९८८ च्या 'पॉझिक्स' मानकातील 'टार'च्या ५१२ बाइटांच्या शीर्षखंडात, २५७ बाइट सोडून, 'यूस्टार' ही खूण असते. परंतु १९७९ च्या सातव्या युनिक्स आवृत्तीतील 'टार'ला अशी खूणच नाही. ही त्या रचनेची मोठी उणीव होय. म्हणून खुणेच्या अभावावरून 'हे टार नव्हे' असे अनुमान काढणे तर्कदुष्ट ठरते. तेथे बेरजेची आठ स्थाने रिक्त अक्षरे मानून शीर्षखंडाच्या बाइटांची बेरीज करावी व नोंदलेल्या बेरजेशी ताडून पाहावी. हे सर्व लेखनबंदी करूनच व्हावे. मूळ पाठ पुसला गेल्यास चिकित्सेला विषयच उरत नाही.