सुटका कोणाची?

रामकथा लहानपणापासून ऐकलेल्या वाचकाला हे सांगावयास नको की, कैदेतील माणसाला सोडवून आणण्याच्या कथेत खरा पेच सुटकेनंतर उभा राहतो. रावण पडतो, लंका जिंकली जाते, आणि सीता समोर आल्यावर रामाच्या तोंडून निघतात ते कठोर शब्द! जॉन फोर्डच्या ‘द सर्चर्स’ (1956) या चित्रपटातही हाच पेच आहे. यादवी युद्ध हरून परतलेला ईथन आपल्या पळवून नेलेल्या पुतणीचा वर्षानुवर्षे शोध घेतो. पण ती आता कोमांची झाली म्हणून तिला ठार मारण्याचा विचार त्याच्या मनात घर करून असतो. जिला सोडवावयाचे तिलाही स्वतःचे आयुष्य असते, हे फोर्ड विसरत नाही.

‘रॅम्बो : फर्स्ट ब्लड भाग दोन’ (1985) पाहताना या दोन्ही कथा आठवल्या, त्या तिच्यात काय नाही ते जाणवले म्हणून. तुरुंगात खडी फोडणाऱ्या रॅम्बोला व्हिएतनाममध्ये पाठविले जाते. अमेरिकन युद्धकैदी दिसल्यास केवळ छायाचित्रे काढावयाची, सोडवावयाचे नाही, अशी आज्ञा. तो एका कैद्याला घेऊन येतो, आणि वरचा अधिकारी मर्डॉक त्याला तेथेच टाकून हेलिकॉप्टर परत बोलावतो. येथपर्यंत चित्रपटाची पकड आहे. सरकारला पुरावा नकोच आहे, हा संशय अंगावर काटा आणतो.

पुढे मात्र केवळ संहार. त्याला साह्य करणारी को ही व्हिएतनामी तरुणी क्षणभर प्रेमाची भाषा बोलते आणि लगेच गोळी खाऊन मरते. जणू तिचा मृत्यू ही नायकाच्या क्रोधासाठी आणलेली समिधाच. टोकाला स्फोटके बांधलेले बाण सुटू लागतात तेव्हा आपल्याकडच्या पौराणिक चित्रपटांतील अग्निबाण आठवून हसू येते. जंगल आणि पाणी मात्र देखणे दिसते, आणि का दिसू नये? कॅमेऱ्यामागे ‘ब्लॅक नार्सिसस’चा जॅक कार्डिफ आहे.

माझी तक्रार रक्तपाताविषयी नाही. डेव्हिड मॉरेलच्या 1972 च्या कादंबरीत रक्तपात पुष्कळच आहे. परंतु तेथे रॅम्बो अखेरीस मरतो. टेड कॉचेफच्या पहिल्या चित्रपटात (1982) तो जगतो, पण शेवटी लहान मुलासारखा रडतो. सायगावात बूटपॉलिशच्या पेटीत दडविलेल्या स्फोटकाने चिंध्या झालेला मित्र त्याला विसरता येत नाही; रणांगणावर लाखो डॉलर्सची यंत्रे हाताळणाऱ्याला घरी मोटारी लावून ठेवण्याचे कामही मिळत नाही. सिल्व्हेस्टर स्टॅलनचा अभिनय तेथे ओबडधोबड आहे, परंतु खरा आहे. दुसऱ्या भागात त्याच नटाने (पटकथेतही त्याचा हात आहे) या जखमेवर विजयाचे औषध लावले. युद्ध सैनिकाने हरले नाही, कारकुनांनी हरविले. त्याला पुन्हा एकदा लढू द्या, म्हणजे झाले! हे औषध लोकांना किती गोड लागले! त्याच वर्षी बैरुतमधील ओलीस सुटले तेव्हा अध्यक्ष रेगन यांनी, ‘रॅम्बो’ पाहिल्यामुळे पुढच्या खेपेस काय करावयाचे ते कळले, अशा अर्थाचा विनोद केला होता.

वस्तुस्थिती निराळी होती. 1973 मध्ये 591 कैदी अमेरिकेत परतले. मागे राहिलेल्यांविषयी सिनेटच्या समितीने पुढे चौकशी केली आणि 1993 मध्ये, कोणी अमेरिकन तेथे अद्याप जिवंत कैदेत असल्याचा सबळ पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. बेपत्ता सैनिकांच्या घरची माणसे तरीही वाट पाहतच होती. त्यांची ती आशा या चित्रपटाने भांडवल म्हणून वापरली, आणि मला खटकते ते हेच.

कारण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्या कैद्यांना येथे चेहरे नाहीत. ते दाढी वाढलेले, हाडांचे सापळे झालेले, हेलिकॉप्टरमध्ये चढविले जाणारे सामान आहेत. इतकी वर्षे त्यांनी काय सोसले, त्यांच्या बायकांनी पुनर्विवाह केले काय, मुले ओळखतील काय, हे कोणी विचारीत नाही. हेलिकॉप्टर तळावर उतरते. रॅम्बो मशीनगन घेऊन मर्डॉकच्या कचेरीत शिरतो आणि तेथील यंत्रांची चाळण करतो. कॅमेरा त्याच्या मागोमाग आत जातो; कैदी बाहेरच राहतात.