शय्यासनलक्षण : सुताराच्या दृष्टीनें

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील (इ. स. चें ६ वें शतक) शय्यासनलक्षण हा अध्याय अभ्यासक बहुधा शकुनांचा म्हणून ओलांडून जातात. आमच्या मतें हा त्यावर अन्याय आहे. त्यांतील फलें क्षणभर बाजूस ठेवून वाचिल्यास टिकाऊ पलंग व आसनें कशीं घडवावीं याचे कित्येक नियम हातीं लागतात.

त्याज्य वृक्षांची यादीच पाहावी. विजेनें, पाण्यानें, वाऱ्यानें पडलेले, मधमाश्यांनीं वा पक्ष्यांनीं घर केलेले, शेंड्याकडून वाळलेले वृक्ष घेऊं नयेत, असें ग्रंथकार सांगतो. वादळांत कोसळतांना लांकडाचे आंतील तंतू तुटतात, आणि पोकळींत कूज असते. सुतारास हें सांगावें लागत नाहीं. चैत्य व स्मशान येथील झाडें मात्र निराळ्या कारणानें वर्ज्य. दोन्ही प्रकार एकत्र गोंवले, हा ग्रंथकाराचा दोष होय.

लांकडांच्या संख्येविषयींही तसेंच. चार जातींपर्यंत फल शुभ. पांच जातींच्या शय्येवर निजणारा पंचत्व पावतो, आणि सहा ते आठ झाल्यास कुलनाश. पंचत्वाचा श्लेष साधावा म्हणूनच पांचावर रेघ ओढली असावी, असा आम्हांस संशय आहे. तथापि निरनिराळीं लांकडें ऋतुमानानें कमीअधिक फुगतात व आटतात, आणि त्यामुळें सांधे ढिले होतात, हें खरेंच. साग व साल मात्र एकत्र किंवा वेगळे, दोन्ही प्रकारें चालतात.

अध्यायाची खरी उणीव दुसरीकडे आहे. आधींच तोडून ठेविलेल्या लांकडाची ग्रंथकार दखल घेतो. परंतु मोडलेला पाया कसा बदलावा, हें सांगत नाहीं. सरसानें जोडलेलें कुसूं ऊन वाफेनें सुटतें व पुन्हा बसवितां येतें; किडकी फळी काढून त्याच जातीची जुनी फळी घालतां येते. हें ज्ञान ग्रंथांत नसून सुताराच्या हातांत राहिलें.

आम्हां संग्राहकांस याचें अगत्य असावयास हवें. हल्लीं जुने पेटारे विकून भुशाच्या दाबीव फळ्यांचीं कपाटें आणण्याची चाल पडली आहे. त्या भुशांत किती जातींचे वृक्ष असतील त्याची गणती नाहीं. वराहमिहिराच्या हिशेबानें कुलनाश ठरलेलाच! ओल लागली कीं या फळ्या फुगतात, मग मळसूत्र धरीत नाहींत, आणि त्यांतील चिकट द्रव्याच्या वाफा कागदास बाधतात. सागाच्या पेटाऱ्यांतही आम्ल वाफ असते, हें मान्य; म्हणून तेथेंही पोथी सुती रुमालांत बांधूनच ठेवावी.

असाच एक पेटारा आम्हींही देऊन टाकिला. बिजागऱ्या तुटल्या होत्या, व तळाची आंब्याची फळी वाळवीनें खाल्ली होती. बाकी सर्व साग शाबूत. सुताराचें दोन दिवसांचें काम. झांकणाच्या आंतून दप्तराची मोडी याद चिकटविलेली होती, ती उतरून घेण्याचें राहिलें. त्यांतील बारा रुमाल आजही आमच्याजवळ आहेत. ते कोणत्या क्रमानें लाविलेले होते, हें सांगणारा कागद पेटाऱ्याबरोबर गेला.